उतारावर गाडी इंजिनाने धरावी
(एक्झॉस्ट ब्रेकविषयी वाहतूकदार सभासदांसाठी माहिती)



गळीत हंगाम संपला, गव्हाण थांबली, की ऊस वाहतुकीच्या गाड्यांना काम उरत नाही. पण बँकेचा हप्ता काही गव्हाणीबरोबर थांबत नाही. त्यामुळे ज्या सभासदांचे स्वतःचे ट्रक आहेत ते उरलेल्या महिन्यांत बाहेरची भाडी करतात. आपल्याकडच्या काही गाड्या अलीकडे पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीकडे जाऊ लागल्या आहेत. तिथे रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत. जाताना एक माल, येताना दुसरा. धंदा म्हणून हे चांगलेच आहे.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपले ड्रायव्हर तयार झाले ते पाटाच्या कडेच्या सपाट रस्त्यावर. फडापासून काट्यापर्यंत त्यांना अडचण असते ती चिखलाची, अरुंद वाटेची, पाटावरच्या पुलाची. उताराची नसते. नाशिककडून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर या रस्त्याने पालघरला जायचे म्हणजे सह्याद्रीवरून थेट समुद्रकाठी उतरायचे. त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंच, जव्हार सुमारे ४५० मीटर, आणि पालघर-बोईसर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. कसाऱ्याच्या घाटाने भिवंडीवरून गेले तरी इगतपुरीची सुमारे ६०० मीटर उंची कुठेतरी उतरावीच लागते. ही उंची भरलेल्या गाडीने कशी उतरावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय निघाला तो एका प्रसंगावरून. आपल्या भागातल्या एका सभासदाची दहा टायरची गाडी भरून बोईसरला चालली होती. त्र्यंबक सोडल्यावर तोरंगणच्या घाटात चाकांतून धूर यायला लागला आणि ब्रेक लागेनासा झाला. ड्रायव्हर जुना आणि डोके शाबूत ठेवणारा. त्याने गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराकडच्या चरात घातली. गाडी आडवी झाली, क्लीनरचा पाय मोडला, जीव मात्र वाचले. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, पाय पार खालपर्यंत गेला, पण गाडी ऐकेनाच." मी विचारले, गिअर कोणता होता? तो म्हणाला, "वरचाच. खाली टाकायला गेलो तर पडेना." पुढे विचारले, गाडीला एक्झॉस्ट ब्रेक होता ना? तर म्हणतो, "ते बटण होय? ते आम्ही कधी दाबत नाही. लई आवाज करतं. इंजिन बसेल म्हणून मालकांनी पण नको सांगितलंय."

बंधूंनो, म्हणजे बचावाचे साधन गाडीतच होते. त्याचे पैसेही गाडी घेताना मोजलेले होते. फक्त ते कशासाठी आहे हे ना मालकाला माहीत, ना ड्रायव्हरला.

ब्रेक तापतो म्हणजे काय होते?

पायाने दाबायचा ब्रेक म्हणजे फिरत्या ड्रमवर आतून लायनर घासणे. गाडीची गती घासण्यात जिरते आणि तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर गाडी एकदा थांबवली की काम संपले. ड्रमला निवायला वेळ मिळतो. उताराचे तसे नाही. उतारावर वजन गाडीला सतत पुढे ढकलत असते, आणि वेग आहे तेवढाच ठेवायचा म्हटले तरी ब्रेकला सतत घासत राहावे लागते.

किती घासावे लागते, त्याचा हिशेब मांडून पाहू. २०१८ साली केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. तेव्हापासून तीन आसांच्या, म्हणजे दहा टायरच्या ट्रकला गाडीसह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालते. असा भरलेला ट्रक २० मीटरला १ मीटर उतार असलेल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरतो आहे असे धरू. तो सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या वर पुढे जातो आणि सुमारे ४२ सेंटिमीटर खाली येतो. साडेअठ्ठावीस टन वजन दर सेकंदाला एवढे खाली येताना जी शक्ती मोकळी होते ती सुमारे १५५ अश्वशक्ती भरते. टायरचा आणि वाऱ्याचा विरोध त्यातली थोडी खातो. बाकीची सगळी कोणीतरी जिरवली पाहिजे.

दीडशे अश्वशक्ती म्हणजे घरातल्या दीड किलोवॅटच्या जवळजवळ पाऊणशे विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटवल्यासारखे आहे. दहा टायरच्या गाडीला ड्रम सहा. म्हणजे प्रत्येक ड्रमच्या पोटात बारा शेगड्या, त्याही घाट संपेपर्यंत पेटलेल्या. मग ड्रम लाल होणार नाही तर काय?

ड्रम तापला की तीन गोष्टी होतात. पहिली, ड्रम फुगतो, त्याचा घेर वाढतो, आणि लायनरला तिथपर्यंत पोचायला जास्त सरकावे लागते. दुसरी, लायनर करपते, त्याची पकड कमी होते. जळका वास येतो तो त्याचाच. तिसरी, ड्रायव्हर घाबरून पुन्हा पुन्हा पायडल मारतो, त्यामुळे टाकीतली हवा खर्च होत जाते आणि हवेचा काटा खाली येतो. यातले काहीही एकदम होत नाही. आधी वास येतो, मग पायडल खोल जाऊ लागते, मग धूर दिसतो. "ब्रेक अचानक फेल झाला" असे आपण म्हणतो ते बहुतेक वेळा खरे नसते. ब्रेक बऱ्याच अगोदरपासून सांगत असतो, ऐकणारा हवा.

बैलगाडीची आठवण

जुन्या सभासदांना हे वेगळे समजावून सांगायला नको. टायरगाडीत ऊस भरून उतार उतरायचा असला की सगळे ओझे जुवावरून बैलांच्या मानेवर यायचे. चांगला गाडीवान उतार लागण्याआधीच बैल हळू करायचा, कासरा ओढून धरायचा आणि बैलांना पाय रोवत रोवत उतरू द्यायचा. उताराच्या मध्यावर गाडी पळायला लागली की मग कासरा ओढून काही उपयोग नसायचा. बैल गेला आणि झोपा केला, असे ते.

ट्रकचे बैल म्हणजे त्याचे इंजिन. चढाला ते ओढते, तसेच उताराला त्याने पाय रोवून ओझे धरले पाहिजे. गाडी गिअरमध्ये असली आणि ॲक्सिलरेटर सोडला, की चाकेच उलट इंजिनाला फिरवतात. इंजिन फिरवायला जोर लागतो, तेवढा जोर गाडीच्या वेगातून वजा होतो.

पण डिझेल इंजिनाची यात एक खोड आहे. डिझेल इंजिन हवा जोराने दाबते, आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून पिस्टनला परत खाली ढकलते. दाबायला घातलेला जोर बराचसा परत मिळतो. त्यामुळे नुसत्या गिअरवर डिझेल गाडी धरते, पण वजनाच्या मानाने कमी धरते. ही उणीव भरून काढायला एक्झॉस्ट ब्रेक आहे.

एक्झॉस्ट ब्रेक काम कसा करतो?

रचना अगदी साधी आहे. इंजिनातून सायलेन्सरकडे धूर जातो त्या नळीत एक गोल झडप बसवलेली असते. एरवी ती नळीच्या दिशेने उभी असते, धूर सुखाने जातो. ड्रायव्हरने बटण दाबले की हवेच्या जोरावर ती आडवी होते आणि नळी जवळपास बंद होते. त्याच वेळी डिझेलचा पुरवठाही तोडला जातो. आता इंजिनात फक्त हवा येते, आणि बाहेर जायला तिला वाट नाही. पिस्टन प्रत्येक वेळी वर येताना ही कोंडलेली हवा बाहेर ढकलायला पाहतो आणि त्याला विरोध होतो.

फवारणीच्या पंपाचे नोझल तुंबले तर दांडा कसा जड लागतो, तोच प्रकार. इंजिनाचा दांडा जड होतो, तो फिरवणारी मागची चाके जड होतात, आणि गाडी धरली जाते. उष्णता ड्रममध्ये न साठता धुराच्या नळीतून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. लायनर झिजत नाही, टाकीतली हवा पायडलसारखी पुन्हा पुन्हा खर्च होत नाही, डिझेल जळत नाही.

म्हणजे "इंजिन बसेल" ही भीती खोटी आहे का? कंपनीने बसवून दिलेला ब्रेक असेल आणि इंजिनाच्या फेऱ्या लाल पट्ट्याच्या आत असतील, तर इंजिनाला काही होत नाही. ते याच कामासाठी बनवलेले असते. इंजिन बिघडते ते वेग हाताबाहेर गेल्यावर घाईने खालचा गिअर घुसवला तर. दोष तिथे उशिराचा असतो, ब्रेकचा नव्हे. आवाज येतो हे खरे. पण तो काम चालू असल्याचा आवाज आहे.

याच कुळातला दुसरा, जास्त ताकदीचा ब्रेक आहे. त्याची कथा सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत कमिन्स इंजिनाचे जनक क्लेसी कमिन्स १९३१ साली स्वतःच्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियात कहोन नावाच्या घाटात उतरताना त्यांच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले. पुढे रेल्वेचे फाटक होते आणि मालगाडी रूळ ओलांडत होती. थोडक्यात ते बचावले. तो प्रसंग त्यांच्या मनातून गेला नाही. दाबलेली हवा उसळी घेण्याच्या आतच इंजिनातून सोडून द्यायची, म्हणजे दाबायला घातलेला जोर परत मिळणारच नाही, अशी युक्ती त्यांनी पुढे शोधून काढली, आणि जेकब्ज कंपनीने १९६१ पासून तो ब्रेक बाजारात आणला. मोठ्या ट्रेलरच्या काही इंजिनांना असा ब्रेक असतो. आपल्या बहुसंख्य गाड्यांना असतो तो साधा झडपेचा.

वापरायचा कसा?

हा ब्रेक म्हणजे गाडी उभी करण्याचे साधन नव्हे, वेग धरून ठेवण्याचे साधन आहे. खालील गोष्टी ड्रायव्हरला समजावून सांगाव्यात. मालकाने शेजारी बसून एकदा करून घेतल्या तर अधिक चांगले.

१) गिअर उतार लागण्याआधी ठरवावा. ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, ही जुनी रीत आहे. नवी गाडी जास्त ताकदीची असेल तर त्याहून एक गिअर खाली. घाटाच्या माथ्यावर गाडी जवळजवळ उभी करून गिअर टाकला तरी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

२) ब्रेकची ताकद इंजिनाच्या फेऱ्यांवर असते. फेऱ्या जास्त तर ताकद जास्त. वरच्या गिअरमध्ये फेऱ्या कमी असताना बटण दाबले तर गाडी जेमतेम धरते, आणि ड्रायव्हर म्हणतो, "याच्यात काही दम नाही." दम गिअरमध्ये असतो. खालच्या गिअरमध्ये, फेऱ्या वरच्या बाजूला पण लाल पट्ट्याच्या आत ठेवून तो वापरावा.

३) क्लच दाबू नये. क्लच दाबला की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो; बैल जू टाकून मोकळे झाल्यासारखे. बहुतेक गाड्यांत क्लच किंवा ॲक्सिलरेटर दाबताच हा ब्रेक आपोआप सुटतो.

४) तरीही वेग वाढत असेल तर पायाचा ब्रेक थोडा जोराने दाबून वेग ताशी ८-१० किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण सोडावा. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तसेच. पाय हलका ठेवून घाटभर घासत राहणे सगळ्यात वाईट. त्यात ड्रमला निवायला उसंतच मिळत नाही.

५) वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे.

६) वास आला, पायडल खोल गेले किंवा हवेचा काटा उतरला, तर धूर दिसण्याची वाट न पाहता मिळेल त्या रुंद जागेवर गाडी उभी करावी. चाकांना दगड लावावेत. ड्रम आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायची आपल्याकडे खोड आहे. त्याने ड्रमला तडे जातात.

वेगाबद्दल वरचाच हिशेब पुन्हा पाहा. ताशी ३० ऐवजी १५ किलोमीटरने उतरले तर दर सेकंदाला जिरवायची शक्ती निम्मी होते, पाऊणशे शेगड्यांच्या अडतीस होतात. घाटात वाचवलेली दहा मिनिटे आणि गाडी, यांची तुलना ज्याने त्याने करावी.

न्यूट्रल मारणे म्हणजे मृत्यूला बोलावणे

डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून, काही महाभाग तर इंजिनच बंद करून, गाडी सोडतात. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री एका मालवाहू गाडीने चाळिसाहून अधिक वाहनांना ठोकरले. आधी ब्रेक फेल असेच सर्वांनी म्हटले. नंतर, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याने हे झाले असावे, असे प्राथमिक तपासात पुढे आले. वर्तमानपत्रांत ते तेव्हा छापून आले होते.

इंजिन बंद झाले की हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, स्टिअरिंगची मदत बंद. टाकीत असेल तेवढ्या हवेवर सगळा खेळ. आणि गंमत अशी की यात डिझेलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असला, की पंप डिझेल तोडतोच. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रल मारणारा डिझेलही घालवतो आणि जीवही टांगणीला लावतो. ज्या मालकाने "ॲव्हरेज का देत नाही" म्हणून ड्रायव्हरला सतत टोचले असेल, त्याने या पापातला आपला वाटाही ओळखावा.

मनोरच्या पुढे

जव्हार-विक्रमगड करून मनोरला मस्तान नाक्यावर आलो की ड्रायव्हरला वाटते, सुटलो, घाट संपला. बोईसरला जाणाऱ्याने इथून महामार्गाने चिल्हार फाट्यावर जाऊन आत वळावे, तो रस्ता औद्योगिक वसाहतीच्या जड गाड्यांचाच आहे. ज्याला पालघर गावाकडेच जायचे आहे त्याला मात्र अजून वाघोबाची खिंड ओलांडायची असते. तिची उंची तोरंगणच्या मानाने काहीच नाही, पण वळणे आहेत, दोन्ही बाजूंना झाडी आहे, वाघोबाच्या ठाण्यापाशी थांबणारी माणसे असतात, रस्त्यावर माकडे येतात, आणि मोटारसायकलींची ये-जा चालू असते. मोठ्या घाटात माणूस जागा असतो. लहान खिंडीत गाफील असतो. तिथेही गिअर आधी, बटण नंतर, पाय शेवटी, हाच क्रम ठेवावा.

या भागात पाऊसही आपल्यासारखा नाही. आपल्याकडे रिमझिम असते तेव्हा तिकडे धो धो कोसळत असतो. ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर एक सावधगिरी हवी. एक्झॉस्ट ब्रेक फक्त मागच्या, इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना धरतो. गाडी रिकामी असली आणि रस्ता ओला असला, तर ती चाके घसरू शकतात. मागचा भाग बाजूला जातोय असे वाटले की बटण लगेच सोडावे. ओल्यात वेगच इतका कमी ठेवावा की बटणाची गरज थोडी पडेल.

ट्रेलर, टँकर आणि कॉईल

ट्रेलर ओढणाऱ्यांनी वरील गोष्ट दुप्पट लक्षात ठेवावी. एक्झॉस्ट ब्रेक पुढच्या घोड्याला धरतो, मागच्या ट्रेलरला नाही. ओल्या वळणावर घोडा धरला गेला आणि ट्रेलर मागून ढकलत राहिला, तर मधल्या सांध्यात घडी होते आणि ट्रेलर केबिनवर येतो. म्हणून ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चांगले पाहिजेत, आणि वेग सरळ रस्त्यावरच कमी करून घेतला पाहिजे.

मळी किंवा स्पिरिट नेणाऱ्या टँकरचे दुखणे वेगळे. टँकर अर्धा भरलेला असला की आतला द्रव पुढे-मागे हिंदकळतो. झटका देऊन ब्रेक दाबला की द्रव पुढे आदळतो आणि थांबत आलेली गाडी पुन्हा ढकलली जाते. पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉईल, भरलेली असेल तर कच्च दाबलेल्या ब्रेकने ती साखळ्या तोडून केबिनकडे येऊ शकते. दोन्ही ठिकाणी एक्झॉस्ट ब्रेकचा गुण असा की तो झटका देत नाही. सावकाश आणि सारखा धरतो.

बंद पडलेली गाडी टोचन करून आणताना

हा भाग नीट वाचावा. बंद गाडीचा कॉम्प्रेसर चालत नाही. टाकीतली हवा गेली की तिच्या मागच्या चाकांचे स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात. मग लोक ते पान्याने सोडवतात आणि साखळीने गाडी ओढायला घेतात. आता त्या गाडीला ब्रेक असा काही उरलेलाच नाही. चढावर साखळी ताणलेली असते, सगळे ठीक दिसते. उतार लागला की साखळी सैल पडते आणि मागची वीस-पंचवीस टनांची गाडी पुढच्या गाडीवर येते.

म्हणून उताराच्या रस्त्यावर साखळीने किंवा दोराने गाडी ओढू नये. लोखंडी दांडा वापरावा, ओढणाऱ्या गाडीतून हवेची नळी जोडून मागच्या गाडीचे ब्रेक जिवंत ठेवावेत, आणि ओढणारी गाडी खालच्या गिअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेकवर उतरवावी. पण तिचा ब्रेक एका गाडीच्या हिशेबाने बनवलेला आहे, दोन गाड्यांच्या नव्हे. मागची गाडी भरलेली असेल तर माल दुसऱ्या गाडीत घ्यावा किंवा क्रेन बोलवावी. ओढून नेताना वेग ताशी २५ च्या आत आणि दोन गाड्यांमध्ये अंतर पाच मीटरच्या आत ठेवावे.

देखभाल

एक्झॉस्ट ब्रेकला फार काही लागत नाही, पण न वापरल्यानेच तो जास्त बिघडतो. धुरातली काजळी झडपेच्या आसाला बसते आणि झडप अडकते. उघडी अडकली तर घाटात ब्रेक मिळत नाही. अर्धवट बंद अडकली तर गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, इंजिन तापते. आणि मिस्त्री पंप खोलून बसतो. गाडी ओढत नसेल तर आधी ही झडप पाहायला सांगावे.

रोज निघताना गाडी हळू चालत असताना बटण दाबून पाहावे. आवाज बदलला पाहिजे आणि गाडी धरली गेली पाहिजे. हवेच्या नळीतून फुसफुस येते का, वायर तुटली आहे का, बटण सोडल्यावर झडप पूर्ण उघडते का, हे हंगामाआधी एकदा तपासून घ्यावे. जुन्या गाडीला हा ब्रेक नसेल तर नाक्यावरच्या मिस्त्रीकडून नळीत पत्र्याची झडप वेल्ड करून घेऊ नये. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला विचारावे. आणि हा ब्रेक आहे म्हणून लायनर बदलायचे लांबवू नये. गाडी शेवटी थांबवायची ती पायाच्याच ब्रेकने.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

"आमच्या ट्रॅक्टरला असलं काही नसतं, मग आम्ही हे का वाचायचं?" असे कोणी म्हणेल. ट्रॅक्टरला सहसा एक्झॉस्ट ब्रेक नसतो, पण नियम तोच आहे. पाटाच्या पुलावरून उतरताना, ओढ्यात उतरताना, दोन ट्रॉल्या मागून ढकलत असताना, गिअर आधीच खालचा असावा आणि क्लचवर पाय नसावा. रस्त्यावर चालताना डावे-उजवे ब्रेक पायडल पट्टीने एकत्र जोडलेले असावेत, नाहीतर एकच चाक धरले जाऊन ट्रॅक्टर फिरतो. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर जास्त टिपाच्या लोभाने उंच रचलेला ऊस शेवटी ट्रॅक्टरवरच येतो.

मालकाचे काम

शेवटी मालक म्हणून आपल्याला तीन कामे आहेत. एक, वजन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये, असा कायदा आहे. पण दंड हा लहान हिशेब झाला. दर जादा टनामागे घाटात ड्रमना तितकी उष्णता जास्त जिरवावी लागते, हा मोठा हिशेब. दोन, वेळ. "सकाळी सहाला गेटवर पाहिजे" असे सांगून ड्रायव्हरला रात्री घाटात पळवू नये. तीन, शिकवण. नव्या ड्रायव्हरला पहिल्यांदा त्या रस्त्याला पाठवताना घाट माहीत असलेला माणूस बरोबर द्यावा.

प्रसंग सांगितला त्या ड्रायव्हरचे पुढे काय झाले, हे विचारणारे काही जण भेटतात. गाडी दुरुस्त झाली, तो पुन्हा त्याच गाडीवर आहे, त्याच रस्त्याने बोईसरला जातो. क्लीनर पोरगा अजून थोडा लंगडतो. परवा काट्यावर भेटले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "आता तोरंगणच्या माथ्यावर गाडी उभी करतो, गिअर टाकतो, बटण दाबतो, मगच उतरतो. मागची गाडी हॉर्न मारते. मारू दे."

मागच्या गाडीने मारलाच हॉर्न, तर मारू द्यावा.